पिक्चरमधला पुरुष बाईशी कसा वागतो हे नीट कसं बघायचं

२०१९ ला कबीर सिंग आला तेव्हा बऱ्याच घरांत, ऑफिसच्या कँटीनमध्ये आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर भांडणं झाली, आठवत असेल. एक पार्टी म्हणत होती की हा पिक्चर पोरांना बिघडवतो, दुसरी म्हणत होती अरे पिक्चर आहे तो, सोडा ना. दोघं भांडत एकाच प्रश्नावर होते, हिरोने पोरीच्या थोबाडीत मारली ते चालतं का नाही. मला विचाराल तर त्या प्रश्नाने काहीच हाती लागत नाही, कारण पिक्चरमध्ये माणसं खूनसुद्धा करतात, म्हणून काय पिक्चर खुनाच्या बाजूचा होतो असं नाही. पिक्चरची बाजू कळते ती थोबाडीत बसल्यानंतरच्या पुढच्या मिनिटाला. तेव्हा आधी ते मिनिट बघायला शिका, बाकी सगळं त्यावरच रचलेलं आहे.

कसं बघायचं? दोन सीन शेजारी शेजारी लावा. एक कबीर सिंगमधला, हिरोईन प्रीतीच्या घराबाहेरचा. तिच्या बापाने नकार दिलाय, कबीर चिडलाय, तो तिला मारतो आणि सहा तासांची मुदत देऊन निघून जातो. आता इथे रिमोट हातात घ्या आणि बघा कॅमेरा कुठे जातो. कबीरबरोबर जातो. तो नशेत पडतो, बेशुद्ध होतो, शुद्धीवर येतो तेव्हा तिच्या लग्नाची घाई झालेली असते आणि पुढचा बराच मोठा पिक्चर म्हणजे त्याचं दुःख, त्याची दाढी, त्याची दारू. ज्या पोरीला भर रस्त्यात मार बसला ती घरात गेल्यावर काय करत होती, गालाला हात लावून बसली होती का, घरच्यांनी तिला काय ऐकवलं, काहीही कळत नाही. पिक्चरला त्यात इंटरेस्टच नाहीये. मार तिने खाल्ला आणि जखम त्याला झाली, असा तो हिशोब आहे.

आता दुसरा सीन, सैराट, २०१६. हैदराबादला गेल्यावर परश्याला संशय येतो, डोक्यात नाही नाही ते विचार आणि तो आर्चीवर हात उचलतो. हाच परश्या पहिल्या अर्ध्यात विहिरीत उडी मारणारा, तिच्या एका नजरेसाठी झुरणारा गोड पोरगा होता हं, आणि नागराज मंजुळेने तोच पोरगा असा करून दाखवला. मारल्यावर आर्ची निघून जाते, सरळ गाडीत बसते, आणि पिक्चर तिच्याबरोबर गाडीत बसतो. तिचा चेहरा बघत बसावं लागतं आपल्याला. हो, इकडे परश्या गळफास घ्यायला निघालेला दाखवलाय, म्हणजे त्याचंही दुःख आहेच, मंजुळेने त्याला अगदीच वाऱ्यावर सोडलेलं नाही आणि मला विचाराल तर ती गळफासाची बाजू थोडी जास्तच सोपी झालीय, ती परत आलीच नसती तर काय, हा प्रश्न त्याने टाळला असं मला वाटतं. पण तिला जायला जागा दिली, विचार करायला वेळ दिला आणि परत यायचं तिने ठरवलं, तेवढ्यानेही मोठा फरक पडतो. मारणारे दोघंही, पण एका पिक्चरला मार खाणारीचं काय झालं ते माहितीय आणि दुसऱ्याला नाही.

हे एकदा जमलं की कुठलाही पिक्चर घ्या, हिरो काहीतरी आगाऊपणा करतो, हात धरतो, ओढणी खेचतो, फोटो काढतो, तिथून साठ सेकंद मोजा आणि कॅमेरा कुणाचा आहे ते बघा. बहुतेक वेळा मित्र हसत असतात आणि गाणं सुरू झालेलं असतं.

दुसरी गोष्ट, हिला मी निळू फुले टेस्ट म्हणतो. सोपी आहे. हिरो जे बोलतो जे करतो ते सगळं तसंच ठेवायचं, फक्त हिरोच्या जागी मनातल्या मनात निळूभाऊंना उभं करायचं, धोतर, टोपी, बारीक डोळे आणि तो घोगरा आवाज. आता तोच डायलॉग ऐका. अंगावर काटा आला तर समजायचं की बदललाय तो फक्त चेहरा. एवढं 'बाई वाड्यावर या' चे मीम आपण फिरवतो, पण त्या पाटलाचं आणि कॉलेजच्या हिरोचं म्हणणं काही वेगळं नसतं, मला आवडलीस म्हणजे तू माझी, तुला विचारायचं काय त्यात. कबीर ज्युनिअरच्या वर्गात जाऊन ही पोरगी माझी असं जाहीर करतो, तिची ओळखसुद्धा नीट नाही तेव्हा, तिने वर्गात कुठे बसायचं आणि कुणाशी मैत्री करायची हेही तोच ठरवतो. हे वाक्य निळूभाऊंच्या तोंडी टाकून बघा एकदा. (बाय द वे, खरे निळू फुले राष्ट्र सेवा दलाच्या संस्कारातले, सामाजिक कामाला वाहून घेतलेले सज्जन माणूस, पण त्यांना बघून खेड्यापाड्यात बाया घाबरायच्या असं सांगतात. चांगल्या नटाचं नशीब हे असं.)

या टेस्टला सगळ्यात मजेशीर उत्तर डर देतो. १९९३ चा, यश चोप्रांचा. त्यात शाहरुख व्हिलन आहे, सरळ सरळ व्हिलन, मुलीच्या मागे लागतो, फोन करतो, घरात डोकावतो, आणि हिरो आहे सनी देओल, नौदलातला सभ्य माणूस, जिच्याशी लग्न ठरलंय तिला जपणारा. आणि पब्लिकने उचलून काय धरलं, तर शाहरुखचं ते अडखळत किरण म्हणणं. गल्लीतली पोरं वर्षानुवर्षं त्याची नक्कल करत होती, सनीची कुणी केली नाही. म्हणजे पिक्चर कागदावर पोरीच्या बाजूने असला तरी गाणी, क्लोजअप आणि सगळा चार्म ज्याच्या वाट्याला दिलाय, जिंकतो तोच. शेवटी तो मरतो ह्याला तसा काही अर्थ राहत नाही. त्यामुळे शेवट बघून पिक्चरला सर्टिफिकेट देऊ नका, शेवटची दहा मिनिटं सेन्सॉरसाठी आणि आईबाबांसाठी असतात, बाकीचे अडीच तास पोरांसाठी.

अजून एक तारखांचा मेळ बघा. दिल्लीच्या डिसेंबर २०१२ च्या सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर २०१३ मध्ये कायदा बदलला आणि मुलीचा पाठलाग करणं हा पहिल्यांदा वेगळा गुन्हा झाला, भारतीय दंड संहितेचं कलम ३५४ ड, आता नव्या न्याय संहितेत ते ७८ वं कलम आहे. आणि त्याच वर्षी जूनमध्ये रांझणा आला, ज्यात बनारसचा कुंदन लहानपणापासून झोयाच्या मागे मागे फिरतो, ती नाही म्हणते तर तिच्यासमोर हाताची नस कापून घेतो आणि ती विरघळते. धनुषने काम भारी केलंय, गाणी तर अजून ऐकतो मी. पण पोलीस स्टेशनला जो गुन्हा होता तोच थिएटरात प्रेम होता, एकाच वर्षात. नस कापणं हे प्रेम दाखवणं नसतं, ती धमकी असते, फक्त चाकूचं तोंड स्वतःकडे वळवलेलं असतं. असा सीन आला की एकच बघायचं, तिला नाही म्हणून शांतपणे घरी जाता येईल असा रस्ता लेखकाने ठेवलाय का.

तिसरं, म्यूट. हे फारच कामाचं आहे आणि फुकट आहे. ज्या सीनला तुम्हाला हिरोबद्दल कळवळा आला तो सीन आवाज बंद करून परत बघा. व्हायोलिन गेली, बासरी गेली की उरतं ते एक माणूस एका बाईचा रस्ता अडवून उभा आहे, किंवा तिच्या बिल्डिंगखाली रात्री दोनला ओरडतोय, आणि वर तिच्या घरच्यांच्या खिडक्या उघडतायत. पुष्कळ वेळा आपल्याला माफी द्यायला लावतं ते म्युझिक. उलट सैराटचा शेवट आठवा, तिथे मंजुळेने स्वतःच आवाज काढून घेतला, लहान पोराची पावलं आहेत आणि सगळं सुन्न, कारण तिथे त्याला कुणाला माफ करायला लावायचंच नव्हतं.

चौथं म्हणजे पोरगी बोलते का आणि काय बोलते. ॲलिसन बेक्डेल नावाच्या अमेरिकन चित्रकर्तीच्या १९८५ च्या एका कॉमिकमधून आलेली चाचणी बऱ्याच जणांनी ऐकली असेल, पिक्चरमध्ये दोन बायका आहेत का, त्या एकमेकींशी बोलतात का, आणि पुरुष सोडून दुसऱ्या कशाबद्दल बोलतात का. झिम्मा किंवा बाईपण भारी देवा ती हसत हसत पास होतात. पण माझा त्या चाचणीवर फार जीव नाही, कारण पास होऊनही पिक्चर फालतू असू शकतो. त्यापेक्षा मी असं बघतो की हिरोईनचा एखादा दिवस हिरोशिवाय दाखवलाय का. ती डॉक्टरकी शिकते म्हणे, मग एकदा तरी पेशंटसमोर दिसली का, परीक्षेचं टेन्शन आलं का तिला, मैत्रिणीशी भांडली का, का फक्त सलवार कमीज घालून खाली मान. प्रीती बघा, सुरुवातीला कितीतरी वेळ ती जवळजवळ बोलतच नाही. आणि आर्ची बघा, बुलेट चालवते, ट्रॅक्टर घेऊन येते, विहिरीतल्या पोरांना बाहेर काढते, तिला परश्या भेटायच्या आधीपासून स्वतःचं एक वजन आहे. ते वजन बापाच्या पाटीलकीतून आलंय हे मंजुळेला पक्कं माहितीय आणि हैदराबादच्या झोपडीत ते कसं गळून पडतं तेही तो दाखवतो, असो, तो वेगळा विषय.

पाचवं, शेवटचा निर्णय कुठल्या दोन माणसांत होतो. दिलवाले दुल्हनिया, १९९५, मुंबई सेंट्रलजवळच्या मराठा मंदिरला वर्षानुवर्षं चाललेला, माझ्या पिढीचं अर्धं प्रेम त्याच्यावर पोसलंय. शेवट आठवा, स्टेशन, गाडी सुटतेय, बापाने मनगट धरलंय आणि बाप सोडतो तेव्हा ती धावते. छान वाटतं, डोळ्यात पाणी येतं, माझ्याही येतं. पण नीट बघाल तर त्या सगळ्या शेवटच्या भागात प्रश्न राज आणि बाबूजी या दोघांमधला आहे. आई स्वतः सांगते पळून जा, मुलगी तयार आहे, आणि राज म्हणतो नाही, बापाने स्वतःच्या हाताने दिली तरच नेणार. घरातल्या दोन्ही बायकांचं मत एका बाजूला आणि ते बाजूला ठेवून हिरो थोर ठरतो. त्याच पिक्चरमध्ये आधी स्वित्झर्लंडचा तो प्रकार आहे, ती सकाळी त्याच्या खोलीत जागी होते, रात्रीचं काही आठवत नाही आणि हा पठ्ठ्या तिला काहीतरी घडलंय असं भासवून रडकुंडीला आणतो, मग सांगतो गंमत केली, हिंदुस्थानी मुलीची इज्जत मला कळते. तेव्हा आम्ही काय हसलो होतो. आज तो सीन मुलीबरोबर बसून बघा, तिचं तोंड बघा फक्त.

आता सेक्सकडे येऊ. आपल्याकडे जुना हिशोब असा की दोन फुलं एकमेकांवर आपटली, समई विझली, झालं. त्यामुळे कोण काय दाखवतं यापेक्षा इच्छा कुणाला होते आणि दंड कोण भरतं हे बघायचं. नायकाला इच्छा झाली तर ते प्रेम किंवा फार तर चूक, बाईला झाली तर ती हेलन, बिंदू, नाहीतर तमाशातली. याचं सगळ्यात देखणं मराठी उदाहरण म्हणजे पिंजरा, १९७२, व्ही. शांताराम. गावातून तमाशा हाकलायला निघालेले आदर्श गुरुजी, ती नाचणारीण त्यांना नादी लावायचं ठरवते आणि गुरुजी घसरतात ते पार तळाला. डॉक्टर लागूंचं काम बघून आजही अंगावर येतं. पण विचार करा, मोह गुरुजींना झाला, तिचा पाय बघून नजर त्यांची हलली, आणि पिक्चरचं नाव आहे पिंजरा, पिंजरा कुणाचा तर तिचा. पुरुषाची इच्छा हा पुरुषाचा स्वतःचा मामला न राहता बाईने टाकलेला फासा होतो. हाच शांताराम १९३७ ला प्रभातमध्ये कुंकू करून बसला होता हे मला नेहमी नवल वाटतं! त्यात फसवून म्हाताऱ्या बिजवराशी लग्न लावलेली पोरगी त्याला नवरा मानायलाच नकार देते, अंगचटीला येणाऱ्या सावत्र मुलाला छडीने फोडून काढते आणि शेवटी लाज वाटते ती म्हाताऱ्याला. शांता आपटे, त्या काळी. म्हणजे आपण सरळ रेषेत सुधारत आलोय असं काही नाहीये.

बाईची इच्छा बाईच्याच बाजूने, हसू न करता दाखवलेले पिक्चर बोटांवर मोजण्याइतके. अमोल पालेकरांचा अनाहत (२००३) शोधून बघा, राजाकडून मूल होत नाही म्हणून राणीला एका रात्रीसाठी दुसरा पुरुष निवडायला लावतात आणि ती परत येते ती वेगळीच होऊन, राजाला ते झेपत नाही.

लावणीबद्दल एक गोष्ट. आयटम साँग आणि लावणी एका मापाने मोजू नका. आयटम साँगमध्ये कॅमेरा बाईचे तुकडे करतो, कंबर, पाठ, ओठ, आणि मधे मधे दारू पिणारे पुरुष. फडावरची लावणी समोरून असते, नाचणारी पूर्ण दिसते आणि ती बघणाऱ्याच्या डोळ्यात डोळे घालून त्याचीच खेचत असते. आता शब्द बाईच्या तोंडी असले तरी लिहिणारे राम जोशी, होनाजी, पठ्ठे बापूराव, म्हणजे बाईला काय हवं हे पुरुषाने लिहिलेलं, हेही विसरायचं नाही. गाणं बघताना मोजा, कितीदा तिचा चेहरा आणि कंबर एका फ्रेममध्ये आहेत.

सगळ्यात अवघड केस सज्जन पुरुषाची. मारकुटा नवरा कुणीही ओळखतो, सभ्य नवरा ओळखायला 'उंबरठा' हा पिक्चर बघावा लागतो. १९८२, जब्बार पटेल, स्मिता पाटील आणि गिरीश कार्नाड. नवरा वकील, शिकलेला, आवाज न चढवणारा, बायकोला महिलाश्रमाच्या नोकरीवर दुसऱ्या गावी जाऊ देणारा. जाऊ देणारा, हा शब्दच बघा. ती तिथलं सगळं राजकारण सोसून, राजीनामा देऊन घरी परतते तर तो तिला सांगतो की मधल्या काळात दुसरी एक बाई आयुष्यात आलीय. आणि कसं सांगतो? शांतपणे, प्रामाणिकपणे, जणू त्याच्या प्रामाणिकपणाला तिने शाबासकीच द्यावी. आरडाओरडा नाही, व्हिलनगिरी नाही, कार्नाडांच्या चेहऱ्यावर खरंच थोडं वाईट वाटल्याचं दिसतं. तो असं धरूनच चालतो की तू नव्हतीस, मला गरज होती, आता तू आलीयेस तर ॲडजस्ट करू. या सीनला पाठीमागे जाऊन दोनदा बघा, एकदा त्याच्याकडे आणि एकदा फक्त स्मिताकडे. आणि स्वतःला उलटं करून विचारा की हीच गोष्ट तिने येऊन सांगितली असती तर? ही उलटापालट बाकीच्या पिक्चरनाही लावता येते, पण उंबरठ्याला लावल्यावर जे वाटतं ते कुठल्याच थोबाडीत मारण्याच्या सीनला वाटत नाही. ती घर सोडते. कुणी तिला हाकललेलं नसतं.

कॉमेडीत गंडायला होतं, कारण हसताना आपण टेस्टबिस्ट विसरतो. दादा कोंडक्यांना एका वाक्यात झोडपणारे फार आहेत, पण सोंगाड्या वगैरे परत बघितलात तर दिसेल की त्यातला पुरुष भोळसट येडा असतो आणि उषा चव्हाण त्याच्यापेक्षा दहा पावलं पुढे, खेळ तीच चालवते. डबल मीनिंग आहेच, काही ठिकाणी ऐकवत नाही हेही आहे. बनवाबनवी तर पाठच आहे सगळ्यांची, त्यात गंमत म्हणून बघा की पुरुषाने साडी नेसली की हसू येतं ते नेमकं कुणावर, पार्वतीवर का साडीतल्या परशावर. आणि ज्यांना पुरुषीपणाच बघायचाय त्यांनी नटरंग बघावा, तालमीतला पहिलवान गुणा फडासाठी नाच्या होतो आणि गावातले पुरुष त्याच्याशी जे वागतात ते बघा, बायकांशी एरवी जे चालतं तेच ते, फक्त आता एका पुरुषाच्या वाट्याला आलंय म्हणून आपल्याला जास्त टोचतं.

घरात वयात येणारा मुलगा असेल तर बंदी घालू नका, उपयोग नाही, बालक पालक मधल्या चाळीतल्या पोरांनी व्हिडिओ कॅसेट मिळवलीच ना, आणि आता तर फोन खिशात आहे. 'ए' सर्टिफिकेटचंही फार मनावर घेऊ नका, ते वय सांगतं, बाकी काही सांगत नाही. बरोबर बसून बघा, लेक्चर देऊ नका, सीन चालू असताना तर अजिबात नाही, त्याचा मूड जातो आणि पुढच्या वेळी तो दार लावून बघतो. जेवताना सहज विचारायचं, अरे तो गेल्यावर ती घरी जाऊन काय म्हणाली असेल रे आईला? एवढंच. उत्तर नाही दिलं तरी चालेल.

सुरुवात करायची तर एका शनिवारी कबीर सिंग आणि पुढच्या शनिवारी सैराट, दोन्ही एका दिवशी नको, डोकं उठतं. मग पिंजरा आणि कुंकू अशी जोडी. उंबरठा शेवटी ठेवा आणि शक्यतो नवराबायकोने मिळून बघा, दुसऱ्या दिवशी सुट्टी असेल तर बरं, कारण पिक्चर संपल्यावर बोलणं लांबतं. आणि गाणी फॉरवर्ड करू नका, निम्मा माल गाण्यातच भरलेला असतो.